घरची शाळा : ओल्ड गोव्याला न्यायचं की नाही?

प्रश्न : ताई, आम्ही खानापूरला असतो. मोठा 11 वर्षांचा, धाकटी 8 ची. तीन वर्षं झाली, दोघांना शाळेत न घालता घरीच शिकवतोय. या थंडीत एक दिवस ओल्ड गोव्याची चर्च दाखवून आणावीत असं मनात आहे. सासूबाई म्हणतात, ‘आपली देवळं पाडणाऱ्यांनी बांधलेली ती, तिथं पोरांना कशाला नेतेस?’ यांचं म्हणणं वेगळंच. एवढं पेट्रोल जाळायचं तर अभ्यास झाला पाहिजे, म्हणून प्रश्नपत्रिका काढून ठेवलीय. मला दोन्ही पटत नाही आणि उत्तरही सुचत नाही. एका दिवसात जाऊन येणं होईल का?
— एक आई, खानापूर

उत्तर : होतंय की! पहाटे साडेपाचला निघा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, असं करत दहाच्या आत पोचता. रविवार तेवढा टाळा. सकाळच्या मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थना, चालू असतात, त्यात आपण कडमडायला नको. खांदे-गुडघे झाकतील असे कपडे घाला. निघताना पोरांना तळलेलं काही देऊ नका. माझी लेक चोर्ल्याच्या दुसऱ्याच वळणाला पिवळी पडते. दशमी आणि आवळासुपारीवर निभतं.

ती प्रश्नपत्रिका मात्र घरीच राहू दे. हे मी करून बसलेय. पहिल्या खेपेला 22 प्रश्नांची यादी केली होती, दोघांच्या हातात पॅड. बॉम जेझूस बॅसिलिकेत माझा मुलगा सरळ फलकापुढं जाऊन उभा राहिला. काम सुरू 1594, अर्पण 1605, असं लिहून घेतलं आणि मान वर न करता बाहेर आला. घरी आजोबांनी विचारलं, ‘काय बघितलंस रे?’ म्हणाला, ‘बोर्ड.’

दुसऱ्या खेपेला पॅड नेलं नाही. कणकुंबीला गाडी थांबवून मलप्रभेचा उगम दाखवला. ही पूर्वेला वाहत कृष्णेला मिळते, एवढंच सांगितलं. तुमच्याच तालुक्याच्या जंगलातून निघणारी म्हादई पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होते. ओल्ड गोव्यात व्हॉइसरॉयच्या कमानीखालून फेरीबोटीच्या धक्क्याकडं गेलात की समोर तीच नदी. पोर्तुगालहून आलेला नवा व्हॉइसरॉय याच कमानीतून शहरात शिरायचा. लेकीनं पाणी बघितलं आणि विचारलं, ‘म्हणजे हे आपल्याकडचं?’ त्या दिवशी तिनं विचारलेला तो पहिला प्रश्न, आणि माझ्या यादीत तो नव्हता.

तुमच्या पोरांना दगड आधी दाखवा. खानापुरात जांभ्याच्या घरांत वाढलेली पोरं ती, त्यांना चिरा काय ते सांगायला नको. बॉम जेझूसच्या बाहेरच्या भिंतींवर आता गिलावा नाही, तांबडा जांभा उघडाच आहे, गांडुळांनी पोखरल्यासारखा भोकाभोकांचा. पुढच्या बाजूला वर काळ्या दगडात आय, एच, एस ही तीन अक्षरं कोरलीत. येशूच्या ग्रीक नावातली ती पहिली तीन अक्षरं. माझा मुलगा म्हणाला, ‘आपल्या परसातली भिंत अशीच आहे, फक्त एवढी उंच नाही.’ मग मान मागं टाकून किती वेळ बघत राहिला.

आत ख्रिस्ती धर्मप्रसारक सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा देह ठेवलेली चांदीची पेटी आहे. पोरं विचारणारच, आत खरंच माणूस आहे का? आहे म्हणून सांगा, आडपडदा नको. 1552 च्या डिसेंबरात ते चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. तिथून मलाक्का आणि 1554 मध्ये गोवा असा त्यांच्या देहाचा प्रवास झाला. म्हणजे ज्या चर्चमध्ये सगळे त्यांना बघायला जातात, ते त्यांनी स्वतः कधी बघितलंच नाही! पेटी उंचावर आहे, खालून फार काही दिसत नाही. दर दहा वर्षांनी ती खाली आणतात. मागचं शवप्रदर्शन 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 असं झालं. पेटीखालचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या तस्कनीच्या ड्यूकनं पाठवला. पेटी मात्र गोव्याच्याच सोनारांच्या हातची, चौथऱ्याच्या साठेक वर्षं आधीची. पोरांना त्या पेटीपुढंच जास्त वेळ उभं राहू दे. आपल्या बेळगावच्या शहापुरातले सराफ काय वेगळं करतात?

आता सासूबाईंचं. त्या चुकीचं बोलत नाहीत, हे आधी त्यांना सांगा. देवळं पाडली गेली हे खरंच आहे. ज्यांना आज गोंयचो सायब म्हणतात, त्या झेवियरनीच 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे लोकांचा धर्म तपासून शिक्षा करणारं चर्चचं कोर्ट, मागितलं होतं. ते 1560 मध्ये आलं आणि मधला थोडा काळ सोडला तर 1812 पर्यंत चाललं. 11 वर्षांच्या पोराला यातलं बरंच कळतं. धाकटीला ‘धर्मावरून माणसांना त्रास देणारं कोर्ट’ एवढं पुरे.

पण म्हणून नेऊच नये हे मला पटत नाही. उलट सासूबाईंनाच बरोबर घ्या. परतताना बाणस्तारीचा पूल ओलांडून मंगेशीला जा, वाट फार वाकडी होत नाही. मंगेश मूळचा कुठ्ठाळीचा. 1560 मध्ये भक्तांनी त्याला झुवारी नदी ओलांडून प्रियोळला, म्हणजे आताच्या मंगेशीला आणलं, कारण तो मुलूख पोर्तुगिजांचा नव्हता, आदिलशहाचा होता. आता गंमत बघा. ओल्ड गोव्यात सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात आदिलशहाच्या वाड्याचा दरवाजा अजून उभा आहे. त्याचे काळे खांब देवळाच्या धाटणीचे! एका दरवाजात तिघांचा इतिहास, आणि आपलं बेळगावही तेव्हा त्याच आदिलशाहीत. हे सगळं पोरांनी एकाच दिवशी बघावं, सकाळी चर्च आणि दुपारी मंगेश, म्हणजे अर्धीच गोष्ट घेऊन घरी यायची पाळी येत नाही.

मंगेशीच्या आवारात माझ्या मुलानं विचारलं होतं, ‘आई, देव पळून आला होता?’ मला काही सुचेना. माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘पळाला नाही रे. माणसांनी उचलून आणला. देव जड असतो, चौघं लागतात.’ पोरानं मग बोटांवर चार मोजले. आजी बरोबर नसती तर हे उत्तर आम्हाला कुठून मिळालं असतं?

सासूबाई तरीही कां-कूं करायला लागल्या, तर फादर स्टीफन्सचं सांगा. माणूस इंग्रज. गोव्यातल्या साष्टीत राहून मराठी शिकला आणि येशूची कथा ओव्यांत रचली, जवळजवळ 11 हजार ओव्या. ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या बाईला याचं कुतूहल वाटल्याशिवाय राहत नाही. आमच्या सासूबाईंनी विचारलंच, ‘ओव्या? पाद्र्यानं?’

वेळ उरला तर सांता मोनिकाच्या मठातलं ख्रिस्ती कलेचं संग्रहालय बघा. तिथं पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं एक पूजापात्र आहे. पिल्लांना रक्त पाजायला चोचीनं स्वतःची छाती फोडणारा पक्षी, अशी ती कल्पना. माझी लेक त्याच्यापुढून हलेना. से कॅथेड्रलला दोन मनोरे होते, एक 1776 मध्ये पडला. पोरांना आधी सांगू नका, ‘काय चुकलंय?’ एवढंच विचारा. बाकीची चर्च सोडून दिली तरी चालतील. सगळी बघायची म्हटलं की पोरं चौथ्या चर्चच्या पायरीवर बसून घेतात.

प्रश्न : घरी शिकणाऱ्या मुलांच्या अशा सहली अभ्यासात धरतात का? नातेवाईक सारखं विचारतात, परीक्षा कुठं देणार म्हणून.
— एक वडील, चिकोडी

उत्तर : सहलीचे मार्क कोण देणार? परीक्षेचं म्हणाल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे तिचे टप्पे आहेत, आणि 14 पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. नातेवाइकांना एवढं सांगून चहा विचारा.

प्रश्न : घरात तान्हं बाळ आहे, गोव्यापर्यंत जमणार नाही. बेळगावातच काही आहे?
— एक आई, वडगाव

उत्तर : कॅम्पातलं सेंट मेरीज चर्च, 1869 चं. संध्याकाळी विचारून आत जा आणि पश्चिमेचं ऊन कुठल्या काचेतून कुठं पडतंय ते मोठ्याला शोधू दे. बाळ रडलं तर बाहेर झाडाखाली बसा.