फ्रँकफर्टला येताना स्वयंपाकघरातलं काय आणावं?

मिस्टरांच्या नोकरीनिमित्त तुम्ही कोल्हापूरहून फ्रँकफर्टला येताय, माणशी 23 किलोची एकच बॅग आहे, आणि यादीत मिक्सर, टेबलटॉप ग्राइंडर, फूड प्रोसेसर, रोटीमेकर, एअरफ्रायर, राइस कुकर, प्रेशर कुकर, पुरणयंत्र, सोऱ्या, आप्पेपात्र एवढं सगळं आहे. त्यातला ग्राइंडर सासूबाईंच्या आग्रहाखातर. यातलं खरंच काय लागतं, असं तुम्ही विचारलंय. थोडक्यात सांगायचं तर मिक्सर आणा, कुकर विचार करून आणा, हातानं चालणारं बहुतेक किडूकमिडूक बिनधास्त आणा आणि विजेवर चालणारं बाकी सगळं नणंदेला देऊन टाका.

आता सविस्तर. आधी ज्या खोलीत हे ठेवायचंय ती कशी असते ते ऐका. जर्मनीत भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराशिवाय मिळतं. म्हणजे खोली असते, भिंतीतून नळाचे पाइप बाहेर आलेले असतात, पण ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत, शेगडी नाही. आधीचा भाडेकरू आपलं किचन नव्याला विकतो, त्या रकमेला इथे आब्लोझे म्हणतात. जाहिरातीत ‘आइनबाउक्युशं’ लिहिलेलं असेल तर किचन बसवलेलं आहे, असं समजा. तेही आपल्या एल आकाराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यासारखं नाही. शेगडी आणि सिंक यांच्यामध्ये परात जेमतेम मावेल एवढी जागा उरते, तीत किटली आणि कॉफी मशीन आधीच बसलेली असतात.

छोट्या स्वयंपाकघरात नीट काम कसं करावं, याचा धडा मात्र याच शहरानं जगाला दिला. 1926 मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी इथल्या नव्या वसाहतींसाठी ‘फ्रँकफर्ट किचन’ आखलं. जेमतेम 1.9 बाय 3.4 मीटरची खोली, आणि अशी सुमारे 10,000 बसवली गेली. बाईची पावलं वाचावीत म्हणून सगळं हाताच्या अंतरावर, तांदूळ-साखरेसाठी ओतायला चोच असलेले अॅल्युमिनियमचे खण, पिठाला अळ्या लागू नयेत म्हणून त्याचा खण ओकच्या लाकडाचा. र्योमरश्टाट भागातल्या अर्न्स्ट माय हाउसमध्ये ते अजून बघायला मिळतं. जरूर जा. बाईंनी विचार केला तो कुठली वस्तू कुठे हवी याचा. यंत्रांची भर घालण्याचा नाही. आपण नेमकं उलट करतो.

शेगडी गॅसची मिळेल ही आशा सोडा. बहुतेक घरांत काचेची सपाट शेगडी असते. ती दोन प्रकारची: एकीला लोक सेरान म्हणतात, तिच्या काचेखालची तार लाल होऊन तापते, आणि दुसरी इंडक्शन. दिसायला दोन्ही सारख्या, पण सेरानवर कुठलंही सपाट बुडाचं भांडं चालतं, तर इंडक्शनला बुडाला लोहचुंबक चिकटणारंच भांडं लागतं. अॅल्युमिनियम, पितळ, तांबं, सगळं बाद. गोल बुडाची कढई दोन्हींवर निरुपयोगी.

सेरानवर फोडणी करताना पहिले काही दिवस हमखास घोटाळा होतो. गॅसवर आपण मोहरी तडतडली की ज्योत बारीक करतो. इथे बटण फिरवलं तरी काच तापलेलीच राहते, आणि हिंग घालून हळदीचा डबा उघडेपर्यंत मोहरी काळी. म्हणून भांडंच उचलून बाजूला ठेवायचं, तिथे हळद-तिखट घालायचं, मग परत चढवायचं. हे एकदा हाताला बसलं की झालं. साखरेचा किंवा गुळाचा पाक काचेवर सांडला तर गरम असतानाच खरवडून काढा, थंड झाला तर काचेचे टवके घेऊन निघतो. आणि सुक्या मिरच्या भाजायच्या असतील तर खिडकी आधी उघडा, कारण वरचा पंखा बऱ्याच घरांत हवा बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. धुराची घंटा घरोघरी सक्तीची आहे आणि तिला आपला ठेचा कळत नाही.

यावरून कुकरचं उत्तर निघतं. इथे उत्तम प्रेशर कुकर मिळतात, पण त्यांना शिट्टी नसते. दाब किती झाला ते दाखवणारी खुंटी वर येते आणि तिथून मिनिटं मोजायची. तीन शिट्ट्यांवर वाढलेल्या माणसाला ते फार परकं वाटतं. म्हणून आपलाच आणा, पण स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा, 3 लिटरचा. फार लहान घेऊ नका, बूड छोटं असलं तर काही शेगड्या भांडं ओळखतच नाहीत. सोबत दोन जादा रिंगा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह घ्या. इथल्या दुकानात त्या मापाची रिंग मिळत नाही. राइस कुकरची मग गरजच काय?

मिक्सरच्या बाबतीत मी हट्टी आहे. इथला मिक्सर स्मूदीसाठी बनवलेला असतो. भांडं उंच आणि रुंद, पात्याला भरपूर पाणी लागतं. मूठभर खोबरं, चार मिरच्या आणि चमचाभर जिरं टाकलं की सगळं भिंतींना चिकटतं आणि पातं रिकामं फिरतं. ही तक्रार जुनी आहे. 1960च्या दशकात मुंबईत माधुरी माथुर यांचा ब्राउनचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे जळला, आणि सीमेन्समध्ये इंजिनिअर असलेल्या त्यांच्या यजमानांनी दमदार मोटर बनवायला घेतली. त्यातून सुमीत मिक्सर आला. तेव्हा 750 वॉटचा, चटणीच्या छोट्या भांड्यासकट मिक्सर खुशाल आणा. वीज इथेही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झच आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरची भानगड नाही. ती अमेरिकेवाल्यांची डोकेदुखी. फक्त आपली तीन पिनांची पिन इथल्या सॉकेटमध्ये बसत नाही. विमानतळावरचा सगळ्या देशांना चालणारा स्वस्त अॅडॅप्टर बहुधा अर्थिंगशिवाय असतो, तो मिक्सरला लावू नका. अर्थिंगवाला अॅडॅप्टर घ्या, नाहीतर इथे आल्यावर जाणकाराकडून पिन बदलून घ्या.

एक पथ्य मात्र पाळा. रात्री 10 ते सकाळी 6 आणि रविवारी दिवसभर इथे शांतता पाळतात. मिनिटभर चटणी फिरवली म्हणून कुणी पोलीस बोलावत नाही, पण रविवारी सकाळी सातला डोशाचं पीठ वाटाल तर खालच्या आजी सोमवारी जिन्यात गाठतील. वाटण शनिवारी उरकावं.

सासूबाईंच्या ग्राइंडरचं वजन दगडांसकट 10-12 किलो, म्हणजे अर्धी बॅग. चौघांच्या इडल्यांना मिक्सर पुरतो, फक्त बर्फाचं पाणी घालून थांबत थांबत वाटायचं, म्हणजे पीठ तापत नाही. इथली खरी अडचण पीठ आंबण्याची आहे, वाटण्याची नाही. थंडीत पातेलं ओव्हनमध्ये ठेवा, ओव्हन बंद आणि आतला दिवा चालू. सकाळी पीठ वर आलेलं असतं. सासूबाईंना हे असंच सांगा, पटेल.

एअरफ्रायर म्हणजे पंखा असलेला लहान ओव्हन. इथल्या बहुतेक ओव्हनना तो पंखा असतोच. फूड प्रोसेसरची पाती धुण्यात जितका वेळ जातो तेवढ्यात आपली बाई विळीवर कोबी चिरून मोकळी होते. रोटीमेकरबद्दल काय बोलू! प्रदर्शनात विकणाऱ्याच्या हातून पोळी फुगते, घरी पापड होतो. ही यंत्रं आपण कामासाठी घेत नाही, ‘आता रोज व्यवस्थित करायचं’ या संकल्पासाठी घेतो, आणि धनत्रयोदशीला सवलत असते. इथले लोकही काही कमी नाहीत बरं. अंडी उकडायला वेगळं यंत्र असतं, आणि वुपरटालच्या कंपनीचं थर्मोमिक्स, जे कापतं, ढवळतं, शिजवतं, त्याला दीड हजार युरोच्या आसपास मोजणारी घरं माझ्याच गल्लीत आहेत. त्यातली एक शेजारीण बटाटे अजून सुरीनंच सोलते.

हातच्या अवजारांत सोऱ्या आणा, पितळी असला तरी, कारण चकलीला दुसरा इलाज नाही. इथे श्पेट्झ्ले नावाच्या शेवयांचा दाबयंत्रासारखा साचा मिळतो, त्यातून जाड शेव पडते, पण चकलीची चांदणीची चकती त्याला नसते. पुरणयंत्र राहू द्या. ‘फ्लॉटे लॉटे’ म्हणून सूप गाळायची हातानं फिरवायची चाळणी मिळते, तिच्यात पुरण अगदी मऊ निघतं. खोवणी, उलथनं, सांडशी, लाटणं जरूर आणा. सांडशी तर इथे मागून मिळत नाही. आप्पेपात्राचं बूड खड्ड्याखड्ड्यांचं असलं तर काचेवर टेकतच नाही, सपाट बुडाचं असेल तरच घ्या. तवा सपाट आणि जाड हवा. फुलका फुगवायला ज्योत नाही, तेव्हा तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवायचा. भाकरीचंही तसंच.

कुकरच्या पोटात आणि मिक्सरच्या भांड्यांत कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट भरा, जागा वाया घालवू नका. तूप, पेढे, खवा मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत.

घर ठरलं की मालकाकडून शेगडीचा फोटो मागवा आणि ती इंडक्शन आहे का, हे स्पष्ट विचारा. ते कळेपर्यंत कुकर आणि तवा विकत घेऊ नका, बाकीची खरेदी उरकून टाका.