मूळ संख्येला 'मूळ' काहून म्हणतात

भाऊ, तुमची पोरगी मोबाईलवर हिंदी व्हिडीओ पाहून 'अभाज्य संख्या' म्हणते, पुस्तकात 'मूळ संख्या' लिहिलंय, तुम्ही स्वतः 'अविभाज्य' म्हणत आलात, मंग बरोबर कोणता अन् अवयव, विभाजक, गुणक हे एकच काय, असं विचारलं तुम्ही. तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत, 1 पेक्षा मोठी अशी संख्या जिला 1 अन् ती स्वतः सोडून कशानंच पूर्ण भाग जात नाही, जशी 7. माझं मत पहिलेच सांगतो, मराठीत 'मूळ' हाच सगळ्यात चांगला शब्द आहे.

'अभाज्य' आपल्याकडं चालत नाही त्याचं कारण साधं आहे. मराठीत भागाकार मांडला की ज्याला भागायचं तो भाज्य अन् ज्यानं भागायचं तो भाजक. 17 ला 5 नं भागा, बाकी 2 उरते, पण 17 भाज्य झालाच ना. म्हणजे हिंदीत 17 अभाज्य अन् मराठीच्या वहीत तोच भाज्य, लेकरू गोंधळणारच.

'अविभाज्य' चूक नाही, पुष्कळ लोक वापरतात, पण शेतकऱ्याच्या घरात तो शब्द लगेच अडतो. 7 एकर वावर दोन भावांत साडेतीन-साडेतीन होऊन जाते, सातबारेही वेगळे होतात, मंग 7 अविभाज्य कशी? अट अशी आहे की वाटा पूर्ण संख्येतच पडला पाहिजे, 7 बकऱ्या दोघांत सारख्या वाटता येत नाहीत तसं, अन् ही अट शब्दात कुठंच दिसत नाही.

'मूळ' मात्र भाग जाते का नाही हे बोलतच नाही, तो सांगतो की बाकीच्या संख्या कशापासून बनल्या. विज्ञानाच्या पुस्तकात मूलद्रव्य अन् संयुग आहे, इथं मूळ संख्या अन् संयुक्त संख्या, जोडी तीच. 60 घ्या, 6 गुणिले 10 करून फोडा नाहीतर 4 गुणिले 15 करून, शेवटी 2, 2, 3, 5 हेच हाती येते, दुसरं काही येऊच शकत नाही. म्हणूनच 1 ला मूळ म्हणत नाहीत, तो मूळ धरला तर 60 मध्ये 1 कितीही वेळा घुसवता येईल अन् ही एकमेव फोड राहणार नाही. फक्त पोरीला एक सांगून ठेवा, वर्गमूळातलं 'मूळ' वेगळं. 9 चं वर्गमूळ 3 आहे, पण 9 मूळ संख्या नाही.

मागच्या पावसाळ्यात आम्ही संत्र्याची कलमं आणली, मोजली तर 91. मी म्हटलं ही मूळ संख्या दिसते, 2 नं जात नाही, 3 नं नाही, 5 नं नाही, सारख्या ओळी बसणार नाहीत. आबा धुऱ्यावर उभे होते, तिथूनच म्हणाले, "तेरा साती एक्क्याण्णव", अन् 13-13 च्या 7 ओळी आखायला लावल्या. आपण 7 चा पाढा सत्तरवर थांबवतो म्हणून 91 निसटते, ज्याला 13 चा पाठ आहे त्याच्याकडून निसटत नाही. 97 असती तर खरंच अडलं असतं, 2, 3, 5, 7 एकानंही जात नाही, अन् दहा दाहे शंभर झाले म्हणजे त्याच्यापुढं पाहायची गरजच नाही, कारण मोठा अवयव असता तर त्याचा जोडीदार 10 च्या आत सापडलाच असता.

आता याच 91 वर तुमचे बाकीचे शब्द लावून पाहा. 13 गुणिले 7 मांडलं तर 13 गुण्य अन् 7 गुणक, म्हणजे गुणक हे त्या मांडणीतल्या जागेचं नाव आहे. विभाजक म्हणजे ज्यानं पूर्ण भाग जातो ते सगळे, 1, 7, 13, 91. अवयव अन् विभाजक संख्यांच्या बाबतीत एकच धरले तरी चालते, पण अवयव 'पाडतात', जसे हिस्से पाडतात, अन् अवयव बीजगणितातल्या राशीचेही पडतात. उलट्या बाजूनं 91 ही 13 ची सातपट, म्हणून ती 13 ची विभाज्य.

अन् मसावि (महत्तम सामाईक विभाजक) अन् लसावि (लघुत्तम सामाईक विभाज्य) मधला 'सा' जुन्या पुस्तकात 'साधारण' होता, आता 'सामाईक' आहे, हा बदल मला फार आवडला. साधारण म्हटलं की लेकराला सामान्य, मामुली असं वाटते. सामाईक विहीर, सामाईक धुरा तर तिनं पाहिलेला आहे, दोघांच्याही मालकीचा, तसाच 12 अन् 18 दोघांचाही विभाजक 6.