एस-२ की एस-४? आधी बोगी बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मावसभावाने अमेरिकेहून पाठवलेलं एचओ मापाचं (खऱ्याच्या सुमारे एक सत्त्याऐंशीांश) शंटिंग इंजिनाचं, म्हणजे यार्डात डबे हलवणाऱ्या इंजिनाचं मॉडेल, खोका हरवलेला. अंगावर सदर्न पॅसिफिक या अमेरिकी रेल्वेचं नाव, काळ्या रंगावर नारिंगी पट्टे, आणि बुडाशी कुणीतरी पेनाने ‘अल्को’ एवढंच लिहिलेलं. हे नेमकं कुठलं मॉडेल, आणि रंग बदलून ते आपल्या भारतीय रेल्वेचं डब्ल्यूडीएस-६ शंटर म्हणून चालवता येईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

वर दोघा-तिघांनी रंगावरून अंदाज बांधलेत. कृपा करून रंगावर जाऊ नका. मॉडेल बनवणारी कंपनी एकाच कवचावर दहा रेल्वेंचे रंग चढवते, त्यामुळे क्रमांकालाही तेवढीच कमी किंमत द्या. इंजिनाच्या पोटात काय आहे त्यामुळे बाहेर जे बदलतं, ते बघायचं.

अल्को ही रेल्वे इंजिनं बनवणारी अमेरिकी कंपनी. तिच्या या कुळात मुख्य भावंडं चार: एस-१, एस-२, एस-३ आणि एस-४. एस-१ आणि एस-३ ही ६६० अश्वशक्तीची, एस-२ आणि एस-४ ही १००० अश्वशक्तीची. चौघांतही ५३९ मालिकेचंच सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, पण १००० वाल्यांना टर्बोचार्जर, म्हणजे आत जास्त हवा दाबून भरणारा पंखा, जोडलेला आहे. ताकद वाढली की उष्णता वाढते, म्हणून रेडिएटर मोठा लागतो. टर्बोमुळे धुराडंही जाड होतं. आता तुमच्या मॉडेलच्या नाकाशी, दोन्ही बाजूंना असलेली रेडिएटरची झडपांची जाळी बघा. ती उंचीला जास्त आणि रुंदीला कमी असेल तर ६६० वालं, रुंदीला जास्त असेल तर १००० वालं. मग वरून धुराडं बघा. बारीक आणि गोल बुडाचं असेल तर ६६०, जाड आणि लांबट बुडाचं असेल तर १०००. तुमच्या दुसऱ्या फोटोत जाळी स्पष्ट आडवी दिसते आहे. म्हणजे एस-१ आणि एस-३ बाद.

राहिले एस-२ आणि एस-४. इथे भलेभले चुकतात, कारण कवच आणि कॅब (चालकाची खोली) जवळजवळ सारखीच. खरा फरक बोगीत आहे; बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, इंजिनाखालची चाकांची चौकट. १९४० ते १९५० या काळातल्या एस-२ खाली अल्कोची स्वतःची बोगी असायची, तिला ब्लंट बोगी म्हणतात. त्यानंतरच्या एस-४ खाली एएआर, म्हणजे अमेरिकी रेल्वे संघटनेच्या, ‘ए’ प्रकारची बोगी आली. हीच बोगी ईएमडी या दुसऱ्या अमेरिकी कंपनीच्या यार्डातल्या इंजिनांखालीही दिसते, त्यामुळे एकदा डोळ्यांत बसली की सगळीकडे ओळखू येते. टेबललॅम्प अगदी खाली, रुळाच्या पातळीवर ठेवा आणि उजेड बाजूने पडू द्या. एएआर बोगीत दोन्ही ॲक्सलबॉक्सच्या (चाकांच्या आसांची, म्हणजे ॲक्सलची, टोकं धरणाऱ्या पेट्यांच्या) मधे खाली झुकलेली एक पट्टी दिसते आणि तिच्यावर उभ्या गुंडाळी स्प्रिंगा बसवलेल्या असतात. चांगल्या मॉडेलवर त्या स्प्रिंगांचे वेढेसुद्धा मोजता येतात. ब्लंट बोगीत ही झुकलेली पट्टी आणि तिच्यावरच्या स्प्रिंगा बाहेरून दिसतच नाहीत. बाजूची चौकट जाड, एकसंध ओतल्यासारखी, वेगळ्याच वळणाची असते. साध्या डोळ्यांनी जमत नसेल तर सराफ बाजारात सोनारांचं सामान विकणाऱ्याकडून डोळ्याला लावायचं भिंग घ्या. तिथेच बारीक कानशी आणि टोकदार चिमटेही मिळतात. माझं निम्मं हत्यार तिथूनच आलेलं आहे.

बोगीवर इतका जोर का देतो, तेही सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक जुनं इंजिन घेतलं. विकणाऱ्याने एस-४ म्हणून दिलं, मी तसंच मानलं. मे महिन्याची अख्खी सुट्टी त्याच्यावर घातली: कठडे तारेचे केले, कॅबच्या खिडक्यांना काच लावली, धुराड्याभोवती काजळी चढवली, एका खऱ्या एस-४ चा क्रमांक टाकला. नंतर त्या क्रमांकाचा जुना फोटो हाती लागला. त्यात खाली एएआर बोगी, आणि माझ्या मॉडेलखाली ब्लंट. त्या दिवशी फार वाईट वाटलं. शेवटी बोगी तशीच ठेवून क्रमांक बदलला, म्हणजे ते एस-२ झालं. काम वाया गेलं नाही, पण क्रम उलटा झाला होता. आधी फोटो, मग क्रमांक, आणि शेवटी रंग.

फोटो शोधताना त्याची तारीख नक्की बघा. सदर्न पॅसिफिकने १९६५ मध्ये इंजिनांचे क्रमांक सरसकट बदलले. त्यामुळे एकच क्रमांक १९६० च्या आणि १९७० च्या फोटोत दोन वेगवेगळ्या इंजिनांवर असू शकतो. शिवाय खरी बोगीही वर्कशॉपमध्ये बदलता येते, म्हणून एखादं एस-२ एएआर बोगीवर दिसलं तर लगेच फोटो खोटा ठरवू नका. काळ ओळखायची आणखी एक खूण म्हणजे पुढच्या-मागच्या बफर बीमखाली (टोकाच्या आडव्या तुळईखाली) शंटिंगवाल्यांनी उभं राहायची फळकुटं. अपघात होत म्हणून सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ती काढून टाकण्यात आली. तुमच्या मॉडेलला ती आहेत, म्हणजे त्याआधीचा काळ धरून चला.

ईएमडीचं थोडक्यात सांगतो, कारण पुढे तुम्ही तिकडे वळालच. एसडब्ल्यू-१ म्हणजे ६०० अश्वशक्ती, सहा सिलिंडर, एक धुराडं. एनडब्ल्यू-२ म्हणजे १००० अश्वशक्ती, बारा सिलिंडर, दोन धुराडी. एसडब्ल्यू-७, एसडब्ल्यू-९ आणि एसडब्ल्यू-१२०० ही तिन्ही १२०० अश्वशक्तीची आणि दोन धुराड्यांची. त्यांच्यातले फरक जाळ्यांच्या रचनेत आहेत, ते फोटो शेजारी ठेवूनच बघावेत.

आता डब्ल्यूडीएस-६. मनापासून सांगतो, तुमच्या इंजिनाला तो रंग देऊ नका. दोन्ही अल्कोच्या घराण्यातली, एका टोकाला कॅब असलेली, म्हणून मोह होतो हे कबूल. पण डब्ल्यूडीएस-६ सहा ॲक्सलचं आहे, प्रत्येक बोगीला तीन, आणि तुमच्या हातातलं चार ॲक्सलचं. इंजिनही वेगळं: त्यात २५१ मालिकेचं सहा सिलिंडरचं आहे, आपल्या डब्ल्यूडीएम-२ या गाड्या ओढणाऱ्या डिझेलच्या सोळा सिलिंडरवाल्याचं धाकटं भावंड. लहानपणी मनमाड यार्डात वडिलांचा हात धरून तासन् तास शंटिंग बघितलंय. ती तीन-तीन चाकांची रांग डोळ्यांसमोरून जात नाही. चार ॲक्सलवर डब्ल्यूडीएस-६ लिहिलेलं मला बघवणार नाही, आणि दोन वर्षांनी तुम्हालाही बघवणार नाही. डब्ल्यूडीएस-४ या दुसऱ्या भारतीय शंटरचा विचारही सोडा. ते चित्तरंजनचं हायड्रॉलिक इंजिन, तीन ॲक्सल, चाकं दांड्यांनी जोडलेली. त्याचा सांगाडाच निराळा.

भारतीय शंटर हवाच असेल तर जनरल इलेक्ट्रिकचं ४४ टनी इंजिन बघा. बाखमन या मॉडेल कंपनीने ते एचओत काढलेलं आहे. मधोमध कॅब, दोन्हीकडे बुटकी नाकं, आत कॅटरपिलरची दोन इंजिनं. आपलं डब्ल्यूडीएस-१ याच जातीचं: १९४४-४५ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडूनच आलेलं, मधल्या कॅबचं, चार ॲक्सलचं. हुबेहूब नव्हे, पण कठडे, बफर आणि कपलिंग बदललं की पटण्याजोगं होतं. एक तडजोड मात्र राहणार. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, एचओत तो सव्वाएकोणीस मिलिमीटर व्हायला हवा, आणि तुमचा रूळ साडेसोळाचा. समोरून बघताना इंजिन रुळावर थोडं अरुंद उभं वाटेल. मी ते बरीच वर्षं चालवून घेतोय.

तुमचं इंजिन सदर्न पॅसिफिकचंच राहू द्या. बोगीचा बाजूने, खालून उजेड टाकून एक फोटो टाका, आणि कॅबखालच्या क्रमांकाचा एक. रविवारी सकाळी नाशिकरोडला येणार असाल तर इंजिनच घेऊन या. माझ्याकडे ब्लंट आणि एएआर दोन्ही बोग्या सुट्या आहेत, शेजारी ठेवून बघू.