चित्र कोणाचे, या तुझ्या प्रश्नाविषयी

प्रिय मित्रा,

तुझे पत्र आणि त्यासोबतची चाळीस चित्रे मिळाली. रेषा संगणकाने काढल्या आणि त्या कोठे पडाव्यात हे यादृच्छिक, म्हणजे योगायोगाने निवडल्यासारख्या, संख्यांनी ठरवले, तर या चित्रांना ‘माझी’ म्हणण्याचा अधिकार मला आहे का, असे तू पत्राच्या शेवटी विचारले आहेस. प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र त्याचे उत्तर ज्यात दडलेले आहे तो प्रोग्रामच तू पाठवलेला नाहीस. नाटकाची संहिता आणि तिचा एखाद्या रात्रीचा प्रयोग यांच्यात जे नाते असते, तेच येथे नियम आणि चित्र यांच्यात असते, असे मी मानतो. तू मला चाळीस प्रयोग दाखवलेस, आणि मला संहिता वाचायची आहे.

गेऑर्ग नेस या जर्मन गणितज्ञाने फेब्रुवारी १९६५ मध्ये स्टुटगार्ट येथे संगणकाने काढलेली चित्रे प्रदर्शित केली. अशा चित्रांच्या अगदी पहिल्या प्रदर्शनांत त्याची गणना होते. पुढे त्याच दशकाच्या अखेरीस त्याने ‘शॉटर’ हे चित्र केले. शॉटर म्हणजे खडी. एका ओळीत १२ याप्रमाणे २२ ओळींत चौरस मांडलेले आहेत. वरचे चौरस शिस्तीत उभे आहेत आणि खाली जावे तसतसा प्रत्येक चौरस अधिक कलतो, जागेवरून अधिक ढळतो, आणि तळाशी सारे विखुरलेले दिसते. कोणता चौरस नेमका किती कलेल, हे यादृच्छिक संख्या ठरवते. परंतु तिला किती मोकळीक द्यायची, आणि ती ओळीगणिक कशी वाढवायची, हे नेसने ठरवले आहे, आणि पाहणाऱ्याला चित्रात जे जाणवते ते या वाढीमुळेच.

हे चित्र तू स्वतः लिहून पाहा. वीसेक ओळींत ते होते. नंतर मोकळीक ओळीच्या क्रमांकाच्या प्रमाणात न वाढवता क्रमांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढव, शेवटच्या ओळीतील कमाल मात्र तेवढीच ठेव. शिस्त बरीच खालपर्यंत टिकून राहील आणि मग एकाएकी ढासळेल. त्यानंतर चौरसांना केवळ कलू दे, जागा सोडू देऊ नकोस. तेव्हा विखुरणे नाहीसे होऊन नुसती अस्वस्थता उरते. असा एकेक बदल करून तासभर बसलास, तर आपला हात या चित्रात नेमका कोठे आहे, हे तुला माझ्या सांगण्यापेक्षा चांगले कळेल.

चूक होऊन काही सुंदर निघाले, तर काय करावे? अनेक वर्षांपूर्वी मी ठिपक्यांचे एक सर्पिल लिहीत होतो. दर ठिपक्याला १० अंश वळायचे, असा हेतू होता. पण संगणक कोन अंशांत नव्हे, रेडियनमध्ये मोजतो (एक पूर्ण फेरा म्हणजे सुमारे ६.२८ रेडियन, पायच्या, म्हणजे π च्या, दुप्पट) हे माझ्या ध्यानात राहिले नाही, आणि पडद्यावर किंचित वळलेल्या २२ भुजांचे एक फूल उमटले. ते मी कित्येक महिने अभिमानाने लोकांना दाखवत होतो. परंतु त्यात एक भुजा वाढवायला कोणी सांगितले असते, तर मला ते जमले नसते. पुढे कागदावर हिशेब मांडला, तेव्हा कारण सापडले. १० रेडियनची २२ पावले म्हणजे २२० रेडियन, आणि २२० रेडियन म्हणजे जवळजवळ बरोबर ३५ पूर्ण फेरे, कारण २२/७ ही संख्या π च्या अगदी जवळची आहे. म्हणून दर बाविसावा ठिपका जवळपास त्याच दिशेला येत होता. हे कळल्यावर मी पाऊल १ रेडियनचे केले आणि अपेक्षेप्रमाणे ४४ भुजा मिळाल्या. त्या दुसऱ्या फुलाला मी निःशंकपणे माझे म्हणतो.

यादृच्छिकतेचाही असाच अभ्यास कर. साध्या यादृच्छिक संख्यांना शेजार ठाऊक नसतो. एका बिंदूचे मूल्य पाहून पुढच्या बिंदूचा अंदाज बांधता येत नाही. संगणकीय चित्रांतील यांत्रिक गुळगुळीतपणाला कंटाळून केन पर्लिन या संगणकशास्त्रज्ञाने जी पद्धत शोधली आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केली, तीत शेजारच्या बिंदूंची मूल्ये एकमेकांना धरून बदलतात, आणि म्हणून तिच्यातून ढग, संगमरवर, डोंगर दिसू लागतात. तुझ्या चाळीसपैकी तीसएक चित्रे याच पद्धतीने वाहणाऱ्या रेषांची आहेत. ती देखणी आहेत, परंतु हा देखणेपणा बराचसा पर्लिनचा आहे आणि असंख्य लोकांनी तो वापरला आहे. काही महिने ही पद्धत बाजूला ठेव, असे मी आग्रहाने सांगेन.

संगणकापासूनही अधूनमधून दूर जावे. व्हेरा मोलनार या चित्रकर्तीने १९६८ मध्ये संगणक वापरायला सुरुवात केली, पण त्याआधी १९५९ पासूनच ती एक काल्पनिक यंत्र मनाशी धरून, स्वतःच घातलेले नियम हाताने पायरीपायरीने पाळत चित्रे काढत होती. नियम हाताने पाळताना त्यातला फोलपणा लवकर ध्यानात येतो, कारण प्रत्येक रेषेला आपले श्रम पडतात.

आपण ज्या परंपरेत येत आहोत तिचे ऋण जाण. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ हे कोड लिहून चित्रे काढण्याचे साधन सुरू केले, ते सर्वांना मोफत आणि खुले ठेवले. त्यावर शिकलेल्यांनी आपला कोड तसाच इतरांपुढे उघडा केला. मंचावरच कोड लिहून संगीत घडवणारे कलाकार आपला पडदा श्रोत्यांना दिसेल असा लावतात. डेमोसीन, म्हणजे छोट्या प्रोग्राममधून दृश्ये घडवणाऱ्या हौशी लोकांची परंपरा; तिच्यातील मंडळी चित्र आणि संगीत मिळून सारे ६४ किलोबाइटांत, कधी तर ४ किलोबाइटांत बसवतात; तेथे तयार चित्र साठवायला जागाच नसते, म्हणून प्रत्येक गोष्ट जागच्या जागी सूत्रातून निर्माण करावी लागते. फिनलंडने २०२० मध्ये या परंपरेची आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत नोंद केली, याचा मला मनापासून आनंद झाला. कोणाचा कोड घेतलास, तर फाइलच्या माथ्यावर त्याचे नाव लिही. आणि आपलाही कोड दुसऱ्याला वाचता येईल असा ठेव.

आता चाळीसपैकी तीन चित्रे निवड. प्रत्येकाची सीड, म्हणजे ज्या बीजसंख्येपासून ती यादृच्छिक मालिका सुरू झाली ती संख्या, प्रोग्रामसोबत मला कळव. सीड तीच असेल, तर माझ्या पडद्यावरही रेषान् रेषा तुझ्याकडे पडली तशीच पडेल. मग प्रत्येक रेषा तेथेच का आली, हे आपण दोघे मिळून वाचू.

तुझा हितचिंतक