लेन्स शार्प, तरी आजी खरी का वाटंना?

प्रश्न : मी अंबाजोगाईचा. पैसे जमवून ५० एमएम एफ/१.८ लेन्स घेतली. आजीचा फोटो इतका शार्प आलाय की सुरकुती न् सुरकुती मोजून घ्या, पण घरचे म्हणतात ही आपली आजी वाटंना, पुतळा वाटायलाय. कॅमेऱ्यासोबत आलेल्या जुन्या किट लेन्सचा फोटो मात्र सगळ्यांना आवडतो. दोन्ही पाठवलेत. लेन्समधे फॉल्ट आहे का?

उत्तर : लेन्स एकदम चांगली आहे, बदलू नका. नवा फोटो मी मोठा करून बघितला तर आजीच्या पदराच्या काठाला एक बारीक पांढरी रेघ दिसली, केसांच्या कडेलाही तीच. ती रेघ लेन्सची नाही, एडिटिंगमधे शार्पनेस ओढून वाढवला की कडेच्या एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला काळं वाढतं, त्याची आहे. खऱ्या माणसाभोवती अशी रेघ कधी नसते, आणि बघणाऱ्याला नाव सांगता आलं नाही तरी काहीतरी खटकतंच.

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडं बघा. जवळपास तेवढाच, म्हणजे साधारण २ अंशांचा भाग डोळ्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतो, बाकीचं नजर फिरवून आपण जुळवत असतो. त्यामुळं सगळीकडं सारखी धार असलेला फोटो डोळ्याला परका वाटू शकतो.

पण माझ्या मते खरा घोटाळा उजेडाचा आहे. नव्या फोटोत समोरून फ्लॅश मारलाय, गालावरची सावलीच गेली, चेहरा सपाट झाला. जुन्यात आजी उंबऱ्याशी बसलीय, एका बाजूनं उजेड येतोय आणि तो नाकावरून गालावर हळूहळू उतरतोय, तिथंच चेहऱ्याला गोलाई आलीय.

म्हणून शार्प लेन्स वाया गेली असं नाही हं. वेरूळची लेणी पश्चिमेकडं तोंड करून आहेत, दुपारनंतर तिरपं ऊन दगडावर आलं की छिन्नीचे घाव उठून दिसतात, तिथं असली लेन्स पाहिजेच, पण तेच ऊन नसलं तर कितीही भारी लेन्स लावा, दगड मऊ गुळगुळीतच येतो.

आता असं करा, फ्लॅश बंद, आजीला परत उंबऱ्याशी बसवा, अपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ/२.८ किंवा एफ/४ वर, शटर १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, फोकस जवळच्या डोळ्यावर. एडिटिंगमधे शार्पनेसला हातच लावू नका. आणि तो फोटो मला नक्की पाठवा.