आमेन म्हणजे तथास्तु नव्हे

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न असा: ख्रिस्ती मंडळीच्या तरुणांच्या शिबिराचे पत्रक काढायचे आहे. त्यात 'ख्रिस्ती विश्वास' लिहावे की 'ख्रिस्ती श्रद्धा'? की समितीतल्या एकांच्या सूचनेप्रमाणे सरळ 'सकारात्मकता' लिहावे, म्हणजे बाहेरची मुलेही येतील? जाता जाता त्यांनी असेही विचारले आहे, की पत्रकाच्या तळाशी 'आमेन'ऐवजी 'तथास्तु' छापले तर चालेल का.

चालणार नाही. हा शेवटचा प्रश्नच खरा महत्त्वाचा आहे, पण त्याआधी विश्वासाचा निकाल लावू. 'विश्वास या शब्दात विषही आहे आणि आसही आहे' हे वाक्य बेळगावपासून निपाणीपर्यंत प्रत्येक स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन व्याख्यानात टाळ्या घेते. विषातला ष पोटफोड्या. विश्वासात तो नाहीच. धातू श्वस्, त्याला वि लागला की अर्थ होतो मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. संस्कृतात त्याला सप्तमी लागते: 'न विश्वसेदविश्वस्ते', भरवशाचा नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मराठीत त्या जागी 'वर' येतो. विश्वास ठेवायचा तो कुणावर तरी. 'विश्वास ठेवा, यश तुमचेच' हे फलकावरचे वाक्य म्हणूनच लंगडे आहे. ठेवा म्हणता, पण कुठे ते सांगत नाही. सकारात्मक विचाराला या 'वर'ची गरज नसते. तो करणाऱ्याच्याच डोक्यात सुरू होतो आणि तिथेच फळ मागतो.

आता आमेन. तथास्तु म्हणजे 'तसे होवो', आणि तो देणाऱ्याचा शब्द आहे. देव म्हणतो, ऋषी म्हणतो, आणि आपल्या आज्यांच्या म्हणण्याप्रमाणे वास्तूही म्हणते. म्हणून घरात अभद्र बोलू नये. आजचे प्रेरणादायी वक्ते 'विश्व तुमचे ऐकत असते' म्हणतात तेव्हा हीच वास्तू इंग्रजी कपडे घालून आलेली असते. आमेन हा मात्र ऐकणाऱ्याचा, भक्ताचा शब्द आहे. दुसऱ्याने उच्चारलेल्या शब्दाखाली केलेली ती सही. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात १५ ते २६ या ओव्यांत बारा शाप आहेत आणि प्रत्येक शापानंतर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचे आहे. बारा शापांना बारा वेळा तथास्तु म्हणून पाहा, म्हणजे फरक कळेल. स्वतःबद्दल अशुभ शब्दही काढू नये असे सांगणाऱ्या सकारात्मक विचाराच्या शास्त्रात या अध्यायाला जागाच नाही.

इब्री भाषेत आमेनचा धातू अ-म-न, म्हणजे पक्के असणे, आधार देणे. देवळाच्या दारांचे आधार सांगताना (२ राजे १८:१६) याच धातूचा शब्द येतो, आणि रूथच्या पुस्तकात सासू नामी सुनेच्या बाळाला उराशी धरते तिथे दाईसाठीही हाच. पेलून धरतो तो खांब, पेलून धरते ती दाई. 'विश्वास ठेवणे' हे क्रियापद याच धातूचे. यशया ७:९ मध्ये, शत्रू चालून येत असताना आहाज राजाला संदेष्टा म्हणतो: 'इम लो तआमिनू, की लो तेआमेनू'. एकाच धातूची दोन रूपे, आणि मराठीत तो श्लेष भाव-निभावाने साधतो: भाव धरला नाही तर निभाव लागणार नाही. (इकडच्या कोकणी कॅथलिक घरांत विश्वासाला 'भावार्थ' म्हणतात, त्यांना हे लगेच पटेल.) पक्केपणा इथे राजाच्या मनाचा नाही. तो ज्याच्यावर रेलायचे आहे त्याचा आहे.

मला सर्वात आवडते ते पुढचे. शुभवर्तमानांत येशू आमेन वाक्याच्या शेवटी न म्हणता सुरुवातीला म्हणतो. योहानाच्या पुस्तकात तर दोनदा. जुन्या मराठी बायबलात त्या जागी आहे 'मी तुम्हांस खचीत खचीत सांगतो'. हा खचित म्हणजे रत्नखचित मधला खचित, जडवलेला, कोंदणात घट्ट बसवलेला. घट्ट बसलेले ते निश्चित, असा अर्थ सरकला असावा असा माझा तर्क आहे. भाषांतरकारांनी जाणून केले असो वा नसो, अ-म-न चा पक्केपणा त्यांनी मराठीत जसाच्या तसा आणून बसवला. काहीजण याला योगायोग म्हणतील, म्हणोत. गंमत अशी की मराठीत हा शब्द पोथीत जाऊन बसला, पण कन्नडमध्ये 'खचित' अजून रोजच्या बोलण्यात आहे, आणि तरी जुन्या कन्नड बायबलाने तिथे 'निजनिजवागि' घेतले! 'खचू नका' मधला खचणे मात्र यात ओढू नका. दिसायला भाऊ, वागायला वैरी.

तर सकारात्मक विचार. त्याची रीत फ्रेंच औषधविक्रेते एमिल कुए (१८५७-१९२६) यांनी नेमकी लिहून ठेवली आहे. दोरीला वीस गाठी मारायच्या आणि सकाळी उठल्यावर व रात्री निजताना अंथरुणातच, 'दिवसेंदिवस मी सर्व बाजूंनी सुधारतो आहे' हे वीस वेळा पुटपुटायचे. दिसायला जपमाळ, पण ऐकणारा कोणी नाही. बोलणारा तोच, ऐकणाराही तोच. पुढे नॉर्मन व्हिन्सेंट पील या न्यूयॉर्कच्या पाळकांनी १९५२ च्या पुस्तकात बायबलची वचने अशाच पाठासाठी वापरली, आणि तेव्हापासून घोळ आहे. फिलिप्पै ४:१३ ('मला जो सामर्थ्य देतो त्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो') व्यायामशाळेच्या भिंतीवर गेले ते याच वाटेने. त्याआधीच्या दोन ओव्या कोणी रंगवत नाही. तिथे प्रेषित पौल सांगतो की उपाशी राहायलाही तो शिकला आहे, आणि लिहितो आहे तुरुंगातून.

याहून घातक म्हणजे अमेरिकी प्रचारक केनेथ हेगिन यांच्या वळणाचे उपदेशक: तोंडाने पक्के बोला, झालेच समजा. यात बरे न झालेल्या रोग्यावर दुहेरी मार पडतो. आजार असतोच, वर 'तुझा विश्वास कमी पडला' हा ठपका; आणि पक्का विश्वास दाखवायचा म्हणून गोळ्या बंद. मार्क ९:२४ मधला आजारी मुलाचा बाप येशूला काय म्हणतो? विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासाला मदत करा. मनाची अशी दुफळी कबूल करणे सकारात्मक विचाराच्या दृष्टीने नापास होणे आहे. तरी त्याचा मुलगा बरा होतो. उलट पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारा त्रास, जावा म्हणून तीनदा विनवले आणि काटा राहिला (२ करिंथ १२). इब्री ११ उघडा: ३४व्या ओवीत विश्वासामुळे काही जण तरवारीच्या धारेतून वाचले, ३७व्या ओवीत त्याच विश्वासाचे दुसरे तरवारीने मारले गेले. एकाच यादीत दोघेही, आणि दुसऱ्यांना कमी गुण नाहीत.

नव्या करारात विश्वासासाठी असलेल्या ग्रीक 'पिस्तिस' या शब्दाला सरसकट 'निष्ठा' म्हणा, असे सांगणारे अभ्यासकही आहेत. निष्ठा त्यात आहे, पण ती माणसाने दाखवायची गोष्ट. सगळा भार पुन्हा आपल्याच खांद्यावर. योहानाचे शुभवर्तमान 'पिस्तिस' हे नाम एकदाही वापरत नाही, क्रियापद मात्र नव्वदहून अधिक वेळा. निष्ठेचे क्रियापद करून दाखवा, मग बोलू.

हां, श्रद्धा की विश्वास. कॅथलिक लेखनात श्रद्धा रूढ आहे, प्रॉटेस्टंट मंडळ्यांत विश्वास. शिबिर ज्यांचे त्यांचा शब्द घ्या. दोन्ही चालतील, 'सकारात्मकता' नाही. पत्रकाची दुसरी बाजू कन्नडमध्ये असेल तर तिथे 'नंबिके' लिहा. आपल्या विश्वासावरून तिथेही 'विश्वास' लिहाल तर 'प्रीती-विश्वास' मधला जिव्हाळा आधी ऐकू येईल. कन्नड 'भरवसे' तर नकोच. निवडणुकीतली आश्वासनेही त्यातच मोडतात.