हसू नेमकं कुणावर? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: 'लाइफ इज ब्युटिफुल' बघताना खूप हसलो आणि नंतर स्वतःचाच राग आला. जिथे माणसं मारली गेली त्या छळछावणीत कॉमेडी करणं म्हणजे थट्टाच नाही का?

राग कशाला, दिग्दर्शकानेच तुम्हाला हसवलंय. आधी विनोद कुणावर चाललाय ते बघायचं. तो सीन आठवा, जर्मन शिपाई बराकीत येऊन छावणीचे नियम ओरडून सांगतोय आणि लहान मुलासोबत पकडून आणलेला ज्यू बाप ग्वीदो, त्याला जर्मनचा ज आणि न येत नसताना तो दुभाषा व्हायला पुढे होतो आणि पोरगा घाबरू नये म्हणून ठोकून देतो की हा गेम आहे, हजार पॉइंट मिळवेल त्याला खराखुरा रणगाडा. यात हसं होतं ते त्या शिपायाच्या आरडाओरड्याचं, कैद्यांचं नाही. आणि दिग्दर्शक बेनिनीला हा विषय घरातूनच मिळालेला, त्याचे वडील बर्गन-बेल्झनच्या छावणीत राहून आले होते. तरी माझी एक कुरकुर आहेच. एवढ्या लहान मुलांना बऱ्याच छावण्यांत पोचल्यापोचल्याच मारून टाकायचे, आणि हा पोरगा बराकीत लपून शेवटपर्यंत टिकतो, तिथे सिनेमा जरा जास्तच गोड होतो. चॅप्लिनने 1940 मध्ये हिटलरची टर उडवणारा 'द ग्रेट डिक्टेटर' काढला, पण पुढे आत्मचरित्रात त्यानेच लिहिलंय की छावण्यांत खरं काय चाललंय हे तेव्हा माहीत असतं तर हा सिनेमा करूच शकलो नसतो. म्हणजे तुमची अस्वस्थता काही जगावेगळी नाही.

प्रश्न: 'ट्रेन ऑफ लाइफ'चा शेवट बघून फसवल्यासारखं वाटलं. असं खरंच कुठल्या गावाने केलं होतं का?

(ज्यांनी बघितला नाही त्यांनी हे उत्तर सोडा, शेवट सांगितल्याशिवाय बोलताच येत नाही.)

नाही, असं कुठलं गाव नव्हतं. राडू मिहाइलेआनू हा रुमानियात जन्मलेला, नंतर फ्रान्सला गेलेला दिग्दर्शक, त्याने 1998 मध्ये हा सिनेमा आणला. गोष्ट 1941 ची, पूर्व युरोपातलं एक ज्यू गाव, नाझी येतायत अशी खबर घेऊन गावातला वेडा श्लोमो धावत येतो आणि आयडियाही तोच देतो, की आपणच एक ट्रेन विकत घ्यायची, आपल्यातलेच काही जण नाझी व्हायचे, बाकीचे कैदी, आणि स्वतःच स्वतःला हद्दपार करत थेट पॅलेस्टाइन गाठायचं. मला सगळ्यात आवडतो तो जर्मन शिकवणीचा भाग. मास्तर सांगतो की जर्मन बोलणं सोपंय, आपल्या यिडिशमधला (पूर्व युरोपातल्या ज्यूंची जर्मनसारखीच भाषा) विनोद तेवढा काढून टाका! आणि मग मोर्देखाय, जो खोटा नाझी अधिकारी झालाय, तो हळूहळू खरंच हुकूम सोडायला लागतो, गाववाल्यांशी त्याची वाजते, डब्यातले कम्युनिस्ट बंडाची भाषा करतात... युनिफॉर्म खोटा असला तरी अंगात भिनतोच, हे असं हसत हसत दाखवणं सोपं नाही.

आता शेवट. श्लोमो पुढे कोण कुठे गेलं ते मजेत सांगतोय आणि कॅमेरा मागे येतो तर तो कैद्याच्या कपड्यात काटेरी तारेच्या आत उभा. तुम्ही फसवलं म्हणता, मला वाटतं सबंध सिनेमात तेवढीच एक जागा आहे जिथे तो आपल्याला फसवत नाही. ज्यूंना छावण्यांत नेणाऱ्या खऱ्या ट्रेन कशा होत्या माहितीये? जर्मन रेल्वे त्यांचं भाडं लावायची, थर्ड क्लासच्या दराने, चार वर्षांखालची मुलं फुकट, दहाच्या आतली अर्ध्या तिकिटात, चारशेच्या वर माणसं असली की ग्रुपची सवलत! आणि भाडं एकाच बाजूचं. हे असं कागदावर नीट चालत होतं, तिथे ट्रेन विकत घेऊन पळून जाण्याची गोष्ट वेड्यालाच सुचणार, आणि तीसुद्धा तारेच्या आत बसून.

प्रश्न: आठ-नऊ वर्षांच्या मुलीला यातलं काही दाखवलं तर चालेल का?

एकटीला बसवू नका. सोबत बसा आणि प्रश्न विचारेल तेव्हा सरळ पॉज करा. 'ट्रेन ऑफ लाइफ' मात्र अजून चारेक वर्षं थांबवा, शेवट तिला कळणारच नाही आणि कळला तर अजून वाईट.

प्रश्न: याच धर्तीचे अजून कुठले बघावेत? सगळे रडवणारे नकोत.

न रडवणारा एकही नाही, पण चेक दिग्दर्शक यान ह्रेबेकचा 'डिव्हायडेड वी फॉल' (2000) नक्की बघा. योसेफ आणि मारी हे मूलबाळ नसलेलं जोडपं घरात डेव्हिड नावाच्या ज्यू तरुणाला लपवून ठेवतं. घरात एक नाझी भाडेकरू घुसवायचं चालतं तेव्हा तो टाळायला बायकोला दिवस गेलेत अशी थाप मारतात. पण योसेफला मूल होणं शक्य नाही, मग ते मूल आणायचं कुठून, तर लपवलेल्या डेव्हिडकडून. ऐकायला अगदी चावट वाटतं पण बघताना योसेफचा चेहरा बघा, त्याला एकाच वेळी लाज, भीती, हसू सगळं आवरायचंय. सुरुवातीला डेव्हिडला बघून जर्मनांना हाका मारणारा शेजारी युद्ध संपताना प्रतिकार चळवळीतला होऊन मिरवतो, ते तर मला फारच खरं वाटलं.

दुसरा पूर्व जर्मनीचा 'जेकब द लायर' (1974). लेखक युरेक बेकर स्वतः लहानपणी पोलंडमधल्या वूचच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत होता. जेकबच्या कानावर चुकून बातमी पडते की रशियन फौजा जवळ येतायत, ती लोकांना पटावी म्हणून तो आपल्याकडे रेडिओ आहे असं सांगून बसतो आणि मग रोज नवी बातमी बनवत बसावं लागतं. यात गाणीबिणी नाहीत, चाल संथ आहे, कंटाळा आला तर अर्ध्या तासापर्यंत धीर धरा. 1999 मध्ये रॉबिन विल्यम्सला घेऊन त्याचा हॉलिवूड रिमेक आला, तो नाही बघितला तरी चालेल.